कपाटाची पाठ

पुण्यात ११ महिन्यांच्या कराराने भाड्याच्या घरात राहताना गेल्या नऊ वर्षांत आम्ही चार घरे बदलली. दुसऱ्या वेळी, सामान हलवणाऱ्या मुलांनी पुस्तकांचे कपाट नव्या घराच्या हॉलमध्ये आणून टेकवले आणि ते डावीकडे कलले. ते मोडले नाही, पडलेही नाही. त्याचे चारही काटकोन तेवढे नाहीसे झाले आणि समोरून पाहता ते भूमितीच्या पुस्तकातल्या समांतरभुज चौकोनासारखे दिसू लागले. हे कपाट आम्ही एका ऑनलाइन दुकानातून मागवले होते. ते सपाट खोक्यात आले होते आणि मी व माझ्या नवऱ्याने एका रविवारची सबंध दुपार घालवून ते हौसेने जोडले होते.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातले सुतारकाका आले. कपाटाला काही करण्याआधी त्यांनी ते भिंतीपासून पुढे ओढले, मागे जाऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "ताई, पाठ सुटलीये ह्याची. बाकी सगळं धड आहे." पाठ म्हणजे मागची पातळ फळी. ती ज्या बारीक लोखंडी चुकांनी ठोकली होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिक उपटून आल्या होत्या. कपाट घेताना मी त्याचा रंग पाहिला होता, कप्पे मोजले होते, इतर ग्राहकांचे अभिप्राय वाचले होते आणि चार ठिकाणच्या किमती ताडून पाहिल्या होत्या. मागच्या बाजूचे एकही छायाचित्र तिथे नव्हते, आणि ते असायला हवे होते हे मला सुचलेही नव्हते. आता कोणतेही जोडणीचे कपाट पाहायला गेले की मी आधी त्याच्या मागे जाते.

काड्यापेटीचे रिकामे कवच दोन बोटांत धरून तिरपे दाबले तर ते सहज चपटे होते. त्यात काड्यांचा खण सरकवला की तेच कवच ताठ राहते. कपाटाचेही तसेच आहे. दोन उभ्या बाजू, वरची आणि खालची फळी व मधले कप्पे यांनी चौकट तयार होते खरी, परंतु तिचे कोपरे हे शेवटी सांधेच असतात आणि बाजूने धक्का बसला की प्रत्येक सांधा केसभर फिरतो. त्यांना फिरू न देण्याचे काम पाठ करते, कारण सपाट फळीला स्वतःच्याच पातळीत तिरपे होणे फार अवघड असते. म्हणूनच अवघ्या ३ मिलिमीटर जाडीची पाठ माणसाच्या उंचीचे कपाट सरळ उभे ठेवू शकते. मात्र ती चारही कडांना घट्ट धरलेली असली पाहिजे. बाजूच्या फळ्यांना आतून खाच पाडून पाठ त्यात सरकवलेली असेल आणि वर-खाली ती स्क्रूने आवळलेली असेल, तर मला ते सर्वांत आश्वासक वाटते. खाचेत सैल खडखडणारी पाठ दिसायला नीटनेटकी असते, पण तिचा आधार फारसा नसतो; त्यापेक्षा थोड्या थोड्या अंतरावर चुका ठोकून बसवलेली पाठ बरी. मोठ्या कपाटांची पाठ पुष्कळदा मधोमध घडी घालून खोक्यात येते. अशा वेळी ती घडी कुठे येते आणि तिथे ठोकायला एखादी पक्की, न सरकणारी फळी आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

या संदर्भात मला आजोळच्या घरातले फडताळ आठवते. हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीत कोनाडा ठेवून, त्याला फळ्या आणि लाकडी दारे बसवलेले ते फडताळ कधीही डगमगले नाही, कारण त्याची पाठ म्हणजे प्रत्यक्ष भिंत होती. पुढे घरोघरी आलेल्या लोखंडी कपाटांची पाठ पत्र्याची असते आणि ती बाजूंना कायमची जोडलेली असते. आमच्या आधीच्या दोन पिढ्यांना पाठीचा विचार करावा लागला नाही याचे कारण हेच असावे: एकीकडे कपाट घराबाहेर जातच नसे आणि दुसरीकडे ते सुटे होत नसे. सपाट खोक्यात येणारे कपाट दोन्ही गोष्टी करते. ते सुटे होते आणि ते प्रवास करते.

किंबहुना या प्रकाराचा प्रसार प्रवासाच्या सोयीसाठीच झाला. स्वीडनमधील आयकिया या कंपनीत १९५६ च्या सुमारास गिलिस लुंडग्रेन यांनी एक टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, ही हकिगत सर्वत्र सांगितली जाते. पुढे १९७९ मध्ये त्यांनीच रचलेले 'बिली' हे पुस्तकांचे कपाट जगभर पोहोचले. भारतात या कंपनीचे पहिले दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला आणि दुसरे डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भे येथे सुरू झाले, आणि त्यामुळे आपल्याकडे अशा फर्निचरची चर्चा वाढली. परंतु ती चर्चा अजूनही एकाच प्रश्नाभोवती फिरते. घरी कोणीही नातेवाईक आले की नव्या कपाटावर बोटांनी टकटक करतात आणि विचारतात, "प्लाय आहे ना?"

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. सुताराकडून घरात बसून फर्निचर करून घेण्याच्या पद्धतीत तो तयार झाला. तिथे प्लायचा पत्रा आपण स्वतः निवडतो, त्यावरचा आयएस ३०३ (साधे प्लाय) किंवा आयएस ७१० (मरीन प्लाय) हा भारतीय मानकाचा शिक्का वाचतो आणि ओल्या जागेसाठी मरीन प्लाय घ्यायचे की साध्या प्रतीवर भागवायचे हे ठरवतो. खोक्यात येणाऱ्या कपाटाच्या बाबतीत ही निवड आपल्या हातात नसते. तिथे बहुधा 'इंजिनिअर्ड वुड' एवढेच लिहिलेले असते, आणि या दोन शब्दांत पार्टिकल बोर्ड (लाकडाच्या किसाचा), एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा बोर्ड) आणि प्लाय या सगळ्यांचा समावेश होऊ शकतो. 'शिसम फिनिश' किंवा 'सागवान फिनिश' हे शब्द तर केवळ वरच्या कागदाच्या किंवा लॅमिनेटच्या रंगाबद्दल असतात. विक्रेत्याने आत कोणता बोर्ड आहे आणि त्याची जाडी किती मिलिमीटर आहे हे स्पष्ट लिहिले नसेल, तर ते त्याला विचारावे. उत्तर आले नाही तर खरेदी करू नये, असे मी आता माझ्यापुरते ठरवले आहे.

जाडी लिहिलेली नसली तरी वजन बहुतेक वेळा लिहिलेले असते, आणि वजनावरून पुष्कळ काही कळते. पार्टिकल बोर्डचे वजन साधारणपणे घनमीटरला ६०० ते ७०० किलो असते. म्हणजे १८ मिलिमीटर जाडीच्या बोर्डचा एक चौरस मीटर साडेअकरा किलोच्या आसपास भरतो. ८० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल आणि १८० सेंटिमीटर उंच अशा कपाटात दोन बाजू, वरची व खालची फळी आणि चार कप्पे मिळून अडीच चौरस मीटर बोर्ड लागतो. त्याचे साधारण २९ किलो आणि पाठीचे साडेतीन-चार किलो धरले, तर कपाट ३२–३३ किलोचे असायला हवे. एवढ्याच मापाच्या कपाटाचे वजन कोणी २० किलो लिहिले असेल, तर फळ्या १२ मिलिमीटरच्या आसपास आहेत किंवा आतून पोकळ आहेत, यांपैकी काहीतरी एक खरे असते. हा हिशेब मी एकदा कागदावर मांडला आणि तेव्हापासून घरबसल्या खरेदी करताना तो मला फार उपयोगी पडला आहे.

तरीही जड ते उत्तम आणि हलके ते टाकाऊ, अशी विभागणी करणे मला बरोबर वाटत नाही. आयकियाच्याच चौकोनी खणांच्या मांडणीचे उदाहरण घ्यावे. 'एक्स्पेडिट' नावाची त्यांची मांडणी २०१४ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी 'कॅलॅक्स' आली, तेव्हा जर्मनीत ग्राहकांनी मोठी नाराजी व्यक्त केली. त्यांत ग्रामोफोनच्या तबकड्या जमवणारे पुष्कळ जण होते, कारण ३३ सेंटिमीटरच्या त्या चौकोनी खणात मोठी तबकडी तिच्या वेष्टनासह नेमकी बसते. खणांचे आतले माप नव्या मांडणीतही तेच राहिले होते; कमी झाली होती ती बाहेरच्या चौकटीची जाडी. जाड कड पाहून लोकांच्या मनात भक्कमपणाची जी भावना होती तिला धक्का बसला. मात्र या फळ्या मुळात भरीव नाहीतच. पातळ लाकडी चौकटीच्या दोन्ही अंगांना पातळ बोर्ड आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखी कागदाची जाळी अशी त्यांची रचना असते. अशी फळी वजनाच्या मानाने चांगलीच ताठ असते, कारण वाकण्याला विरोध मुख्यतः वरचा आणि खालचा थर करतात आणि त्या दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवण्याचे काम जाळी करते. अशा फळीत वाटेल तिथे स्क्रू पिळता येत नाही, तिची कड फुटली तर ती दुरुस्त होत नाही आणि तिच्यावर एकाच ठिकाणी जड वस्तू आपटली तर खड्डा पडतो. या तिच्या खऱ्या मर्यादा आहेत. कॅलॅक्सच्या एका कप्प्यासाठी कंपनी स्वतःच १३ किलोची मर्यादा सांगते, आणि जाडजूड पुस्तकांनी किंवा तबकड्यांनी खण गच्च भरला तर ती सहज ओलांडली जाते.

या मांडणीला पाठही नाही. तिचा ताठपणा कोपऱ्यांतले लांब स्क्रू आणि आतल्या लहान फळ्यांच्या लाकडी खुंट्या यांच्या भरवशावर असतो, आणि म्हणूनच ती भिंतीला आवळण्याची सूचना गांभीर्याने घ्यायची असते. दोन गुणिले चार खणांची मांडणी उभी ठेवली तर आडव्या लहान फळ्यांवरचा सारा भार त्या खुंट्यांवर येतो. तीच आडवी ठेवली तर मधली लांब फळी खालच्या उभ्या फळ्यांवर टेकते आणि भार सरळ जमिनीकडे उतरतो. वस्तू एकच असूनही तिचे सामर्थ्य ती कशी ठेवली यावर बदलते. याच कंपनीची 'इव्हार' ही मांडणी भरीव पाइन लाकडाची आहे. तिलाही पाठ नाही, पण मागच्या बाजूला लोखंडी पट्ट्यांची फुली लावलेली असते. ही फुली दिसायला अगदीच साधी असली तरी मला ती सुंदर वाटते, कारण पाठीचे काम दोन पट्ट्यांवर सोपवताना ते काम काय आहे हे रचणाऱ्याला नेमके ठाऊक होते हे तिच्यातून दिसते.

पाठीनंतर मी कडा पाहते. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा कीस आणि भुसा डिंकात मळून, उष्णता व दाब देऊन तयार केलेला पत्रा. त्याच्या वरच्या-खालच्या पृष्ठभागावर मेलामाइनचा थर असतो आणि तो थर पाण्याला सहजी दाद देत नाही. पाणी शिरते ते कडेतून. कडेतून ओल आत गेली की दाबून बसवलेला कीस फुगतो, त्याच्यामधले डिंकाचे बंध तुटतात, आणि मग तो वाळला तरी मूळ जाडीवर परत येत नाही. लाकूड पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आकसते हे आपल्या दारांमुळे सगळ्यांना माहीत आहे. या बोर्डला असे मागे फिरणे नाही. म्हणून कडेवर लावलेली पट्टी ही शोभेची बाब नसून बोर्डचे आयुष्य ठरवणारी बाब आहे. पातळ कागदी पट्टी नखाने उचकटता येते. पीव्हीसीची पाऊण ते एक मिलिमीटरची पट्टी चांगली, दोन मिलिमीटरची त्याहून टिकाऊ. दुकानात मी बोट फिरवून पट्टी आणि फळी यांच्यामध्ये फट लागते का ते पाहते, आणि मग जी कड सहसा कोणी पाहत नाही, म्हणजे बाजूच्या फळीची जमिनीला टेकणारी कड, तिच्यावर पट्टी आहे का ते पाहते. स्वस्त कपाटांत ती कड बहुधा उघडी असते.

आपल्या घरांत हीच कड सर्वांत आधी ओली होते. ज्या देशांत या फर्निचरची घडण झाली तिथे लादी रोज ओल्या फडक्याने पुसण्याचा रिवाज नाही. आपल्याकडे तो आहे, शिवाय श्रावणात भिंतींनाही ओल येते. माझ्या बहिणीच्या रत्नागिरीच्या घरात चपलांचे एक कपाट होते. तीन पावसाळ्यांत त्याच्या दोन्ही बाजू खालून चार बोटे उंचीपर्यंत फुगून भाकरीच्या पापुद्र्यासारख्या सुटल्या, आणि वरचा भाग मात्र शेवटपर्यंत नव्यासारखा राहिला. एका बोटाइतक्या उंचीचे प्लास्टिकचे बूच प्रत्येक कोपऱ्याखाली ठोकले असते तर ते कपाट आणखी कितीतरी वर्षे टिकले असते असे मला खात्रीने वाटते. म्हणून पायांवर उभे असलेले कपाट मी नेहमी जमिनीला टेकलेल्या कपाटाच्या वर धरते, मग त्याचा बोर्ड थोडा कमी प्रतीचा असला तरी चालेल. ज्या बोर्डवर ओल सहन करण्याचा दावा असतो, उदाहरणार्थ हल्ली सुतारांच्या तोंडी असलेला एचडीएचएमआर, तो या बाबतीत निश्चितच सरस आहे. पण त्याचीही कड उघडी ठेवू नये.

खोके उघडल्यावर येणारा झोंबरा वास हाही प्रतीचाच भाग आहे. तो डिंकातल्या फॉर्माल्डिहाइडचा असतो, आणि ई१ प्रतीच्या बोर्डमध्ये त्याचे प्रमाण मर्यादित ठेवलेले असते. लहान मुलांच्या खोलीसाठी काही घेत असाल तर ही दोन अक्षरे अवश्य शोधावीत.

आता फळीचा झोळ. पुस्तके ठेवणाऱ्या माणसाने या एका गोष्टीचा हिशेब समजून घ्यावा असे मला फार वाटते. साधारण एक फूट लांबीत उभी लावलेली पुस्तके नऊ-दहा किलोची होतात, म्हणजे ८० सेंटिमीटरच्या फळीवर २५ किलो सहज बसतात. बिलीच्या त्या रुंदीच्या फळीला कंपनी ३० किलोची मर्यादा देते, ती याच हिशेबाच्या जवळ आहे. फळीची लांबी दुप्पट केली आणि ती पुस्तकांनी तशीच भरली, तर मधला झोळ दुप्पट न होता १६ पट होतो. उलट जाडी दुप्पट केली तर झोळ आठव्या हिश्शावर येतो. त्यामुळे १८ मिलिमीटरची १२० सेंटिमीटर लांब, मध्ये आधार नसलेली फळी चित्रात कितीही ऐसपैस दिसली तरी ती पुस्तकांसाठी नाही. ६० सेंटिमीटरची साधी फळी तिच्यापेक्षा कितीतरी अधिक काळ सरळ राहते. शिवाय पार्टिकल बोर्ड सतत भाराखाली राहिला की वर्षानुवर्षे हळूहळू वाकत जातो. पहिल्या महिन्यात सरळ दिसलेली फळी दुसऱ्या वर्षी वाकलेली दिसते ती यामुळे, तिच्यात ऐनवेळी काही बिघाड झाला म्हणून नव्हे. फळीच्या पुढच्या कडेला खाली लाकडाची उभी पट्टी लावलेली असेल, किंवा मधल्या फळीला पाठीतून दोन स्क्रू दिलेले असतील, तर रचणाऱ्याने हा विचार केला आहे असे समजावे.

सांध्यांबद्दल मात्र भाड्याने राहणाऱ्यांचे हित आणि मालकीच्या घरात राहणाऱ्यांचे हित वेगळे आहे. सुताराच्या जुन्या सांध्यात लाकडात लाकूड अडकते आणि फेव्हिकॉल ते कायमचे धरून ठेवतो. जोडणीच्या फर्निचरमध्ये बहुधा लाकडी खुंट्या आणि आपले सुतार ज्याला मिनिफिक्स म्हणतात तो जोड असतो: एका फळीत बसवलेली धातूची दांडी दुसऱ्या फळीतल्या गोल चकतीत शिरते आणि चकती स्क्रूड्रायव्हरने अर्धा फेरा फिरवली की दांडी आत ओढली जाते. हा सांधा सोडवता येतो, पण दर वेळी सोडवून आवळताना दांडीचे आटे भुश्याच्या बोर्डला थोडे थोडे कुरतडतात. तिसऱ्या वेळी भोक रुंद होते आणि दांडी नुसतीच फिरत राहते. ज्या कपाटात दांडीसाठी आधीच प्लास्टिकची किंवा धातूची नळी ठोकलेली असते, किंवा धातूचा बोल्ट धातूच्या नटमध्ये बसतो, ते अनेकदा सोडवून जोडता येते. ही नळी काही रुपयांची असते आणि दुकानात उभे असलेले कपाट पाहून ती आहे की नाही हे कळत नाही, म्हणून मी जोडणीची पुस्तिका आधी संगणकावर उघडून सुट्या भागांची चित्रे पाहते. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांनी खुंट्यांना फेव्हिकॉल लावावा; सांधा कितीतरी पटींनी भक्कम होतो. आम्हाला ते करता येत नाही.

बाजूच्या फळीवर आत एका ओळीत भोके असतात, त्यांच्याकडेही पाहावे. युद्धोत्तर जर्मनीत रूढ झालेल्या मापांप्रमाणे दोन भोकांच्या मध्यांतले अंतर ३२ मिलिमीटर आणि भोकाचा व्यास ५ मिलिमीटर असतो. दाराच्या आत खळगा करून बसवतात त्या बिजागरीचा खळगा ३५ मिलिमीटरचा असतो. ही मापे पाळली असतील, तर दहा वर्षांनी बिजागरी तुटली तरी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या परिसरात तिची जोडी मिळते. कंपनीने आपलीच काही वेगळी मापे वापरली असतील, तर एका बिजागरीपायी सबंध कपाट टाकावे लागते. सांगायला वाईट वाटते, पण आमचे एक स्वयंपाकघरातले कपाट असेच गेले. त्याचा बोर्ड उत्तम होता, रंग सुरेख होता आणि फक्त चार बिजागऱ्या बाजारात कुठेही मिळाल्या नाहीत. मॉड्युलर हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. आज घेतलेल्या खणाशेजारी पाच वर्षांनी दुसरा खण बसेल, आजची फळी उद्या वर-खाली करता येईल आणि मोडलेला भाग दुसऱ्याकडूनही घेता येईल, एवढे त्यात असेल तरच त्या शब्दाला अर्थ आहे.

बाहेर ओढायच्या खणांविषयी, म्हणजे ड्रॉवरविषयी, थोडक्यात सांगते. खण पूर्ण बाहेर ओढून पुढचे टोक हलकेच डावी-उजवीकडे हलवावे. बॉल बेअरिंगचे टेलिस्कोपिक चॅनेल (खण ज्यावर सरकतो ती पट्टी) असेल तर तो थोडाच हलतो. चाकांच्या साध्या चॅनेलवरचा खण बराच डुलतो आणि पूर्ण बाहेरही येत नाही. खणाचा तळ दाबून पाहावा.

मात्र खणांच्या उंच कपाटाबाबत एक गोष्ट थोडक्यात उरकण्यासारखी नाही. भरलेले दोन-तीन खण एकदम बाहेर आले की कपाटाचा भार पुढे सरकतो, आणि त्या उघड्या खणांवर मूल चढले तर कपाट त्याच्यावर कोसळते. अमेरिकेत लहान मुलांचे मृत्यू झाल्यानंतर जून २०१६ मध्ये आयकियाने 'माल्म' आणि तशाच इतर खणांच्या कपाटांचे सुमारे २ कोटी ९० लाख नग परत बोलावले, आणि पुढे २०२२ च्या अखेरीस तिथे कपाटांच्या स्थैर्यासाठी कायदा झाला. म्हणून भिंतीला आवळण्याची पट्टी खोक्यात आहे का, हे मी किमतीच्याही आधी पाहते. आपल्याकडच्या नव्या इमारतींत भिंती पुष्कळदा हलक्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटच्या, असतात. त्यात साधा प्लास्टिकचा गट्टू पकड घेत नाही, त्यासाठी वेगळा लांब गट्टू मिळतो तो आणावा. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत ही अडचण मला ठाऊक आहे. आम्ही प्रत्येक करारावर सही करण्याआधी या एका भोकाची परवानगी मागून घेतो, आणि कारण सांगितले की आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.

सुतारकाकांनी त्या कललेल्या कपाटाची जुनी पाठ काढून टाकली, ६ मिलिमीटरच्या प्लायची नवी पाठ कापून आणली, जमिनीवर कपाट पालथे घालून आधी दोन्ही कर्ण सुताने मोजले, ते सारखे भरेपर्यंत चौकट हाताने ढकलली आणि मगच वीतभर अंतरावर स्क्रू दिले. खर्च कपाटाच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी आला. त्यानंतर त्या कपाटाने आणखी दोन घरे पाहिली. दर वेळी आम्ही फळ्या काढतो, पाठीला हात लावत नाही, आणि सबंध चौकट चादरीत गुंडाळून उभीच नेतो.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत मी सगळी पुस्तके उतरवली आणि प्रत्येक फळीच्या दोन टोकांमध्ये दोरा ताणून मधला झोळ पट्टीने मोजला. वरच्या दोन फळ्या जवळजवळ सरळ होत्या. तिसरीवर विश्वकोशाचे खंड आणि शब्दकोश होते, तिचा झोळ ४ मिलिमीटर भरला. ती उलटी करून बसवली, जड खंड सगळ्यात खालच्या कप्प्यात हलवले आणि फळीच्या मागच्या कडेवर पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली.